म्हाताऱ्या स्नायूला प्रोटीन लागू पडत नाही, मग स्टिरॉइड कसं पडतं?

जुनाखांब

वय ६१. वजनं उचलायला लागलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. मधली दहा-बारा वर्षं संसार आणि बदल्यांमध्ये गेली, पन्नाशीनंतर परत सुरू केलं. गेल्या तीन-चार वर्षांत मात्र गाडी जागची हलत नाही. वजनकाट्यावर आकडा तोच, पण पँट मांड्यांना सैल आणि पोटाला घट्ट. खाणं मोजून आहे, झोप बरी, साखर नाही, बीपीची एक गोळी.

माझा भाचा (२७) माझ्याच जिममध्ये येतो. त्याचे दंड माझ्या पोटऱ्यांच्या दीडपट. ते कसे झाले हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. परवा म्हणाला, "मामा, साठीनंतर प्रोटीन अंगी लागतच नाही. पैसे पाण्यात घालताय. एक कोर्स मारा आणि बघा." तिथल्या ट्रेनरने मान डोलावली आणि 'तुमच्या वयात तर डॉक्टरच देतात' अशी पुस्तीही जोडली.

माझा प्रश्न नीती-अनीतीचा नाही, त्यावर माझं काय ते ठरलेलं आहे. शंका वेगळीच आहे. वयामुळे स्नायूच प्रतिसाद देईनासा झाला असेल, तर तोच स्नायू इंजेक्शनला का दाद देईल? आणि इंजेक्शनला देत असेल, तर प्रोटीनने त्याचं काय घोडं मारलंय? दोन्हींपैकी एक काहीतरी थाप असणार. जाणकारांनी लिहावं. 'रोज चालत जा, आनंदी राहा' छापाचे प्रतिसाद नकोत.

रेखीव_आळस

रोज चालत जा, आनंदी राहा.

(पळतो)

पेशीपुराण

जुनाखांब, शंका एक नंबर. पण यात थाप कुठलीच नाही, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी प्रोटीनचं. स्नायू म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. त्यातलं प्रथिन रोज साधारण एक ते दोन टक्के मोडतं आणि तेवढंच नव्याने बनतं. उपाशीपोटी हे बनण्याचा वेग मोजला, तर धडधाकट सत्तरीच्या माणसात आणि पंचविशीच्या पोरात फारसा फरक सापडत नाही. फरक दिसतो तो जेवणानंतर. जेवणातली अमिनो आम्लं रक्तात आली, त्यातही ल्युसीन आलं, की स्नायूपेशीत 'एमटॉर' नावाची यंत्रणा जागी होते आणि प्रथिन बनण्याचा वेग काही तासांपुरता चढतो. वय वाढलं की तेवढ्याच जेवणाला हा चढ कमी येतो. याला 'ॲनाबॉलिक रेझिस्टन्स' म्हणतात.

पण कमी ऐकू येणं म्हणजे ठार बहिरेपण नव्हे, आणि तुमच्या भाच्याचं इथेच चुकलं. एका वेळच्या जेवणातून हा वेग पुरता चढवायला किती प्रथिन लागतं, याचा हिशेब २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तरुणांना वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.२४ ग्रॅम, वयस्कांना ०.४०. म्हणजे ७० किलोच्या माणसाला तरुणपणी १७ ग्रॅम पुरत असे, आता २८ लागतात. तेवढं एका वेळी पोटात गेलं की म्हातारा स्नायूही उठून बसतो. दिवसभरात थोडं थोडं चघळत राहिलं, तर मात्र एकाही जेवणाला तो उंबरठा ओलांडला जात नाही. तुमचं 'मोजून' खाणं दिवसाचं आहे की जेवणागणिक, ते बघा.

आणि यातलं वयाचं किती, बसून राहण्याचं किती, हा वेगळाच घोळ आहे. २०१३ च्या एका प्रयोगात निरोगी वयस्क मंडळींना दोन आठवडे फक्त पावलं कमी करायला सांगितली, सुमारे तीन चतुर्थांश. आजार नाही, अंथरूण नाही. जेवणानंतरचा प्रतिसाद २६ टक्क्यांनी खाली आला. (रेखीव_आळस, तुम्ही पळालात ते बरंच केलंत.)

आता स्टिरॉइड. टेस्टोस्टेरॉन आणि त्याची भावंडं त्या दारातून येतच नाहीत. ते स्नायूपेशीत शिरतात, तिथल्या ॲंड्रोजन रिसेप्टरला चिकटतात, आणि ही जोडी थेट केंद्रकात जाऊन जनुकांचं कामकाज बदलते. शिवाय स्नायूतंतूच्या कडेला झोपलेल्या ज्या सॅटेलाइट पेशी असतात, त्यांची संख्या वाढते. त्या तंतूत विलीन होऊन आपली केंद्रकं त्याला देतात. साठीच्या पुढच्या पुरुषांच्या स्नायूंचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून हे दाखवलेलं आहे. जेवणाचा निरोप कानावर पडेनासा झाला म्हणून हा निरोप अडत नाही.

पुरावा हवा असेल तर शलेंदर भसीन यांच्या गटाचे दोन प्रयोग बघा. पहिला २००१ चा, १८ ते ३५ वयाचे पुरुष. दुसरा २००५ चा, वय ६० ते ७५. दोन्हींत एक औषध देऊन प्रत्येकाचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पाडलं, मग बाहेरून आठवड्याला २५, ५०, १२५, ३०० किंवा ६०० मिलिग्रॅम असं २० आठवडे दिलं. वजनं उचलायला मनाई. चरबी वगळता शरीराचं वजन किती वाढलं ते मोजलं. १२५ ला तरुणांत ३.४ किलो, वयस्कांत ४.२. ३०० ला ५.२ आणि ५.६. ६०० ला ७.९ आणि ७.३. म्हणजे जवळपास बरोबरी. शोधनिबंधाचं शीर्षकच मुळी असं आहे की वयस्क पुरुषही तरुणांइतकेच प्रतिसाद देतात.

तेव्हा तुमचा भाचा अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल रात्री लिहितो, आत्ता ओपीडी आहे.

आकडेमोड्या

पेशीपुराण, माहिती भारी. पण एक खटकलं. डोस सारखा म्हणजे रक्तातली पातळी सारखी असं नसतं ना? वयस्कांचं शरीर टेस्टोस्टेरॉन सावकाश बाहेर काढत असेल, तर त्याच डोसला त्यांच्या रक्तात ते जास्त साठणार. मग जास्त हार्मोन मिळूनही किलो तेवढेच वाढले, असा अर्थ नाही का निघत?

पेशीपुराण

नेमका मुद्दा काढलात. वरच्या डोसांना वयस्कांची रक्तातली पातळी तरुणांपेक्षा जास्त भरली, कारण त्यांच्यात निचरा सावकाश होतो. म्हणून मी 'जवळपास' म्हटलं. पण तुमचा मुद्दा स्नायूपेक्षा दुसऱ्याच ठिकाणी जास्त टोचतो: रक्तात.

टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढतात. रक्तातला त्यांचा वाटा म्हणजे हिमॅटोक्रिट. तेवढ्याच डोसला तो वयस्कांमध्ये तरुणांपेक्षा खूप जास्त चढला. साधारण ५४ टक्क्यांच्या वर गेला की डॉक्टर उपचार थांबवतात किंवा डोस उतरवतात, कारण रक्त घट्ट होतं. त्या प्रयोगात वरच्या दोन डोसांच्या वयस्कांना पायांवर सूज आणि प्रोस्टेटच्या तक्रारीही आल्या, आणि फायदा-तोट्याचा मेळ १२५ पाशीच बसतो असा निष्कर्ष निघाला. थोडक्यात, स्नायूचं वय झालं तरी तो निरोप ऐकतो, पण अस्थिमज्जा, मूत्रपिंडं आणि प्रोस्टेट तोच निरोप जास्त मोठ्याने ऐकतात. भाचा २७ व्या वर्षी जे पचवतोय (पचवतोय असं त्याला वाटतंय) त्याचं गणित ६१ ला लागू नाही.

उगाच_एक_शंका

स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पाडलं म्हणजे?? खच्चीकरण??

पेशीपुराण

औषधाने, आणि तात्पुरतं. मेंदूतून जाणारा हुकूम अडवतात. प्रोस्टेटच्या कर्करोगात हीच औषधं वापरतात, आणि त्या रुग्णांचे स्नायू झडतात तेही याच कारणाने.

वैनतेयी

माझा गोंधळ झालाय. सासूबाईंना दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या. त्यांच्या मांड्या तर पार काडी झाल्या, खुर्चीवरून उठताना हात टेकावे लागतात. आणि इथे तुम्ही म्हणताय स्टिरॉइडने स्नायू वाढतात?

तिसरीघंटा

वैनतेयीताई, नाव एक, गुण उलटे. सासूबाईंच्या गोळ्या (प्रेडनिसोलोन वगैरे) कॉर्टिसोलच्या जातीच्या. त्या सूज उतरवतात आणि स्नायू मोडतात, त्यातही मांड्या आणि खांदे आधी. इथे चर्चा चाललीय ती टेस्टोस्टेरॉनच्या जातीच्या औषधांची. दोघांच्या रेणूंचा सांगाडा सारखा, म्हणून आडनाव एक. त्यांच्या गोळ्या मनाने बंद करू नका हं, ते भलतंच धोक्याचं. डॉक्टरांशी बोलून हळूहळू उतरवतात.

वैनतेयी

धन्यवाद. गोळ्या गेल्या वर्षीच उतरवल्या, आता फवाऱ्यावर आहेत. पण मग बायकांचं काय? सगळे प्रयोग पुरुषांवरच दिसतायत.

पेशीपुराण

दुखरी नस आहे ही. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन मुळातच फार थोडं, तरी त्यांचे स्नायू व्यायामाला छान दाद देतात. म्हणजे सगळी मदार त्या एका हार्मोनवर नाही. बाहेरून दिलं तर स्नायू वाढतात, पण आवाज घोगरा होतो आणि औषध थांबवल्यावरही बहुधा परत येत नाही. दाढी-मिशांचे केस, मुरमं ही तर नेहमीची. स्नायूंपुरतंच काम करावं म्हणून 'सार्म' नावाची औषधं काढली. त्यातल्या एनोबोसार्मची चाचणी वयस्क पुरुष आणि पाळी गेलेल्या बायका अशा १२० जणांवर झाली, १२ आठवड्यांत मांसल वजन वाढलंही. पण स्नायू वाढवण्यासाठी म्हणून अजून एकाही सार्मला मान्यता नाही. ऑनलाइन 'ऑस्टरीन' म्हणून जे विकतात ते हेच, आणि बाटलीत लेबलावरचंच असेल याची शाश्वती नाही.

दंडाची_बेटकुळी

बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र होतो, आज लिहावंसं वाटलं.

मी ४६. एकतिसाव्या वर्षी पहिला कोर्स, छत्तिशीपर्यंत चार. कुणी दिलं, कुठून आणलं, ते जाऊ द्या. पहिल्या बारा आठवड्यांत जे झालं ते आधीच्या पाच वर्षांत झालं नव्हतं, हे खोटं सांगणार नाही. आरशासमोरून हलावंसं वाटायचं नाही.

नंतरचं कुणी सांगत नाही. बाहेरून भरपूर येतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं दुकान बंद करतं. कोर्स संपला की बाहेरचं बंद, आतलंही बंद. ते आठवडे म्हणजे नुसता रिकामेपणा. रडू यायचं, बायकोजवळ जायची इच्छा नाही, वजनं हातातून निसटायची. 'पीसीटी (कोर्सनंतर स्वतःचं हार्मोन परत चालू करायची औषधं) केली की सगळं परत सुरू होतं' म्हणतात. मला तिसऱ्या वेळेला आठ महिने लागले, चौथ्यानंतर पूर्ण परत आलंच नाही. आज माझं टेस्टोस्टेरॉन माझ्या वडिलांपेक्षा कमी आहे. वडील ७४.

आणखी एक. स्नायू तीन महिन्यांत फुगतो, पण त्याला हाडाशी बांधणारा कंडरा त्या वेगाने जाड होत नाही. डाव्या दंडाचा खालचा कंडरा तुटला, आवाज शेजारच्या मशीनवरच्या माणसाला ऐकू गेला. माझं टोपणनाव उजव्या हातावरून आहे.

जुनाखांब, तुमच्या भाच्याला एवढंच विचारा की शेवटची रक्ततपासणी आणि टू-डी इको कधी केली. वर्षानुवर्षं घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या वजनदारांची तुलना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयाच्या डाव्या कप्प्याची रक्त बाहेर फेकायची क्षमता न घेणाऱ्यांत सरासरी ६३ टक्के, घेणाऱ्यांत ५२. तो आकडा वाचला त्या रात्री मी झोपलो नाही.

रेखीव_आळस

बेटकुळीदादा, मनापासून लिहिलंत. विनोद मागे घेतो.

तिसरीघंटा

बेटकुळी, वाईट वाटलं वाचून. पण नाण्याला माझ्यासारखी बाजूही आहे म्हणून लिहितो.

वय ६६. नऊ वर्षांपूर्वी मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ काढली, तेव्हापासून माझं शरीर टेस्टोस्टेरॉन बनवतच नाही. रोज सकाळी खांद्याला जेल. ते लावायला लागण्याआधी जिना चढताना मध्ये बसावं लागायचं, हिमोग्लोबिन दहाच्या खाली, हाडं ठिसूळ. आता वजनं उचलतो, फार नाही. मला कुणी 'स्टिरॉइड घेता' म्हटलं की चिडचिड होते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्याला कुणी तसं म्हणत नाही.

तेव्हा 'ट्रेनर म्हणतो डॉक्टरच देतात' यातला खरा भाग एवढाच: ज्याचं उत्पादन खरंच बंद किंवा फार कमी आहे त्याला देतात, तपासून देतात, आणि तरुण माणसाच्या नैसर्गिक पातळीइतकंच देतात. कोर्सवाले त्याच्या कितीतरी पट मारतात. माझं रक्त दर सहा महिन्यांनी तपासतात.

आकडेमोड्या

पण वयानुसार टेस्टोस्टेरॉन सगळ्यांचंच उतरतं ना? मग ते सगळ्यांनाच भरून का देऊ नये? चष्मा नाही का देत चाळिशीनंतर?

पेशीपुराण

आलो. काल म्हटलेला 'अर्धा' भाग हाच.

उतरतं, पण पायरी कोसळल्यासारखं नाही. चाळिशीनंतर वर्षाला एक-दीड टक्का. सोबत त्याला बांधून ठेवणारं एक प्रथिन रक्तात वाढतं, त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन थोडं जास्त वेगाने कमी होतं. लठ्ठपणा, मधुमेह, अपुरी झोप यांनी आणखी खाली जातं. त्यातलं बरंचसं वजन उतरवून परत वर येतं, हे जेल विकणारे मोठ्याने सांगत नाहीत.

आता चष्म्याचं. चष्मा लावला की दिसतं. इथे तसं होतं का, ते बघायला मोठ्या चाचण्या झाल्या. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या ७९० पुरुषांना वर्षभर जेल किंवा नकली जेल दिलं. २०१६ मध्ये निकाल लागले. लैंगिक इच्छा वाढली, मूड किंचित सुधारला. पुढच्या वर्षीच्या निकालांत रक्तक्षय कमी झाल्याचं आणि हाडांची घनता वाढल्याचं दिसलं. पण ज्यांना चालणं जड जात होतं त्यांच्या सहा मिनिटांच्या चालीत ठोस ठरावा असा फरक दिसला नाही. स्नायू वाढतात, चाल वाढत नाही!

असं का? कारण म्हातारपणी जातं ते नुसतं मांस नाही. १९८८ चं एक जुनं काम आहे, मन लावून केलेलं. मरण पावलेल्या १५ ते ८३ वयाच्या निरोगी पुरुषांच्या मांडीचा अख्खा स्नायू आडवा कापून त्यातले तंतू मोजले. विशीपासून ऐंशीपर्यंत स्नायूच्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे ४० टक्के घटलं होतं, आणि त्याचं मुख्य कारण तंतू बारीक होणं नसून तंतूंची संख्याच कमी होणं हे होतं. पाठीच्या कण्यातले चेतातंतू मरतात, त्यांच्या ताब्यातले स्नायूतंतू पोरके होतात. काहींना शेजारचा चेतातंतू दत्तक घेतो, उरलेले जातात. वेगाने आकुंचन पावणारे तंतू यात जास्त भरडले जातात. ठेच लागल्यावर सावरायला नेमके तेच लागतात. म्हणून ताकद ही मांसापेक्षा दोन-तीन पट वेगाने उतरते. टेस्टोस्टेरॉन उरलेले तंतू जाड करतं, गेलेले परत आणत नाही.

आणि हे फक्त टेस्टोस्टेरॉनचं रडगाणं नाही. स्नायूवाढीचा ब्रेक काढणारं बिमाग्रुमॅब नावाचं औषध आलं. सार्कोपेनियाच्या (म्हणजे वयामुळे स्नायू आणि ताकद झडण्याच्या) रुग्णांना २४ आठवडे दिलं, मांस व्यवस्थित वाढलं. पण उठणं-चालणं-तोल यांचे गुण नकली औषधवाल्यांपेक्षा जास्त भरले नाहीत. का, तर दोन्ही गटांना नीट आहार आणि घरचा व्यायाम दिला होता, आणि दोन्ही गट सुधारले होते.

हृदयाचं थोडक्यात. २०१० मध्ये चालायला त्रास असलेल्या २०९ वयस्क पुरुषांवरची एक चाचणी मध्येच थांबवावी लागली. ताकद वाढली होती, पण हृदयाशी निगडित घटना औषधाच्या गटात २३ आणि नकली गटात ५. मग २०२३ मध्ये पाच हजारांहून अधिक पुरुषांची चाचणी आली आणि झटका-पक्षाघात-मृत्यू यांत वाढ नाही असं दिसलं. त्यावर काहींनी पेढे वाटल्यासारखा आनंद केला. पण त्याच चाचणीत हृदयाची अनियमित लय आणि फुप्फुसात गुठळी यांचं प्रमाण वाढलेलं होतं. वर मागाहून कळलं की हाडं मोडणंही वाढलं, हाडांची घनता वाढत असताना! आणि हे सगळं नैसर्गिक पातळीपर्यंतच देऊन.

माझं मत विचाराल तर तिसरीघंटांना जेल मिळालंच पाहिजे. बेटकुळींनी एखाद्या हार्मोनतज्ज्ञाला गाठावं, लाज न बाळगता. आणि जुनाखांबांना यातलं काही लागेल असं मला वाटत नाही.

उगाच_एक_शंका

एकदाच कोर्स मारून वाढलेला स्नायू पुढे व्यायामाने टिकवता येत नाही का? म्हणजे एकदाच कर्ज काढून घर बांधल्यासारखं.

पेशीपुराण

साठीच्या पुढच्या पुरुषांना ऑक्झॅन्ड्रोलोनच्या गोळ्या १२ आठवडे देऊन बघितल्या. तीन किलो मांस वाढलं, ताकदही. गोळ्या बंद करून १२ आठवड्यांनी मोजलं तर बहुतेक सगळं परत गेलेलं. त्यांनी सोबत व्यायाम केला नव्हता, हे खरं. पण गोळ्यांनी चांगलं कोलेस्टेरॉल मात्र धाडकन खाली आलं होतं. हे औषध आता अमेरिकेत बाजारातूनच गेलंय, मान्यता २०२३ मध्ये काढून घेतली.

आकडेमोड्या

थोडं अवांतर. हे वेड नवीन नाही. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार नावाच्या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने वयाच्या ७२ व्या वर्षी कुत्रे आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि भर सभेत सांगितलं की ताकद परत आली, जिने पळत चढतो. टेस्टोस्टेरॉन पाण्यात जेमतेम विरघळतं, आणि त्याचा अर्क पाण्यातला. म्हणजे सुईतून गेलं ते जवळजवळ पाणीच! खरं टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत बनलं १९३५ मध्ये.

संपादक मंडळ

डोस, ब्रँड आणि 'कुठे मिळेल' असे दोन प्रतिसाद उडवले आहेत. पुन्हा आले तर सदस्यत्वही उडेल.

दंडाची_बेटकुळी

आभार, मंडळ. पेशीपुराण, पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे.

वैनतेयी

मग सासूबाईंसारख्यांनी करायचं काय? वय ८१ आहे. आता काही उपयोग होईल का, की उशीर झाला?

पेशीपुराण

उशीर नाही. १९९० चा प्रयोग आहे, नव्वदीच्या आसपासचे, वृद्धाश्रमात राहणारे, अगदी नाजूक लोक. आठ आठवडे मांड्यांचा जड वजनाचा व्यायाम, देखरेखीखाली. मांडीच्या स्नायूच्या छेदाचं क्षेत्रफळ ९ टक्के वाढलं, ताकद सरासरी १७४ टक्के! आकार आणि ताकद यांत एवढी तफावत कशी, तर ताकदीतली बरीचशी वाढ मेंदू आणि चेतातंतू नव्याने कामाला लागल्याची असते. औषधांना जे दार उघडत नाही ते वजनाने उघडतं. 'जड' हा शब्द महत्त्वाचा. अर्ध्या किलोचे डंबेल घेऊन हात हलवणं म्हणजे व्यायामाचं नाटक.

त्यांना आधी फिजिओकडे न्या, हाडांची तपासणी करून घ्या, कारण त्या गोळ्यांनी हाडंही पोखरतात. सुरुवात खुर्चीवरून उठण्यानेच करतील. आणि आजारपणात अंथरुणावर पडून राहणं होता होईल तो टाळा. निरोगी वयस्कांनाही नुसतं दहा दिवस झोपवून ठेवलं तर पायांचं जवळपास एक किलो मांस जातं.

जुनाखांब

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय. हिशेब द्यायचा होता.

पेशीपुराणांनी व्यक्तिगत निरोपातून सांगितल्याप्रमाणे आधी वजनकाटा माळ्यावर टाकला आणि ताकद मोजली. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठबस: १३.८ सेकंद. युरोपच्या निकषात १५ च्या आत म्हणजे पास, आशियाच्या २०१९ च्या निकषात १२ च्या वर म्हणजे नापास. मुठीची ताकद ३४ किलो, दोन्हीकडे पास.

टेस्टोस्टेरॉन सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी: ४१२ आणि ३९०. तीनशेच्या वर आहे, डॉक्टरांनी कागद परत दिला आणि 'पुढे?' म्हणाले.

खाणं जेवणागणिक मोजलं तेव्हा उजेड पडला. रात्री एकदम चाळीस ग्रॅम, सकाळी आठ आणि दुपारी बारा. दिवसाची बेरीज छान, दोन जेवणं वाया. ते सरळ केलं. जिममध्ये गेली तीन वर्षं मी तेच वजन तेवढ्याच वेळा उचलत होतो, हे स्वतःची वही उघडल्यावर कळलं. कुणी सांगितलं असतं तर भांडलो असतो. आता पायांचं वजन दर आठवड्याला थोडं चढवतो. काल उठबस ११.१. पँट अजून सैलच आहे.

भाच्याला बेटकुळींचा प्रतिसाद वाचायला दिला. काही बोलला नाही. पंधरा दिवसांनी रिपोर्ट घेऊन आला, हिमॅटोक्रिट ५६. माझा ४४. म्हणाला, "मामा, हे जास्त आहे का?"

पेशीपुराण

जास्त आहे. आजच डॉक्टरकडे न्या, उद्यावर टाकू नका. काय काय घेतो ते न लपवता सांगायला सांगा, आणि इको करून घ्या.

जुनाखांब

निघालोच आहोत. रिक्षात बसून टंकतोय, चुका असतील.